शेवटचा आकडा किती खरा?

एक गोल सळई घ्या आणि डिजिटल कॅलिपरनं, म्हणजे जबड्यांत वस्तू धरून तिचं माप अंकांत दाखवणाऱ्या पट्टीनं, तिचा व्यास मोजा. २५.०१ मिलिमीटर. त्याच जागी पुन्हा मोजा. २४.९९. तिसऱ्यांदा २५.००. मोजमापाचं काम नव्यानं शिकणारा माणूस इथे हमखास दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर कॅलिपर बिघडलाय म्हणून तक्रार करतो, नाहीतर मनाला पटेल तो आकडा वहीत उतरवून मोकळा होतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण तिचा पुढे कुणाला पत्ताच लागत नाही.

कॅलिपर बहुधा ठणठणीत असतो. दीडशे मिलिमीटरच्या साध्या डिजिटल कॅलिपरचं माहितीपत्रक उघडलं तर रेझोल्यूशन ०.०१ मिलिमीटर आणि अचूकता ±०.०२ किंवा ±०.०३ मिलिमीटर असं काहीसं छापलेलं दिसेल. म्हणजे शेवटचा अंक दाखवणारं यंत्र स्वतःच कबूल करतंय की त्या अंकाची हमी मी देत नाही. आपण मात्र माहितीपत्रक खोक्यातच ठेवून दिलेलं असतं.

काट्याच्या जुन्या मीटरवर ही भानगड नव्हती. काटा थरथरायचा, दोन रेघांच्या मधेच कुठेतरी थांबायचा आणि वाचणारा आपसूक म्हणायचा, ‘बारा आणि थोडं’. त्या ‘थोडं’मध्ये शंका असायची आणि ती डोळ्यांना दिसायची. अंकांच्या पडद्यानं ती शंका पुसलेली नाही, फक्त झाकली आहे. डिजिटल यंत्र वाचायला शिकायचं म्हणजे ती झाकलेली शंका कुठे आणि किती आहे हे शोधायला शिकायचं. आकडे काय, कुणालाही वाचता येतात.

तीन शब्दांची इथे कायम गल्लत होते. लीस्ट काउंट म्हणजे यंत्र दाखवू शकेल तो लहानात लहान फरक; डिजिटल यंत्राच्या बाबतीत यालाच रेझोल्यूशन म्हणतात. अचूकता म्हणजे दाखवलेला आकडा खऱ्या मापापासून किती दूर असू शकतो ते. आणि पुनरावृत्ती म्हणजे तीच वस्तू परत परत मोजली तर आकडे एकमेकांच्या किती जवळ पडतात ते. पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवत असलं तरी त्याच्या भरवशावर निघालात तर गाडी चुकणारच. त्याचा लीस्ट काउंट उत्तम, अचूकता रद्दी. पण ते रोज नेमानं पाचच मिनिटं मागे असेल तर काम भागतं, मनातल्या मनात पाच मिळवायचे. नेमानं चुकणारं यंत्र मला चालतं. लहरी यंत्र नको.

जबड्यांपासून पडद्यापर्यंत

डिजिटल कॅलिपरच्या पट्टीवर आकड्यांचा जो स्टिकर असतो, त्याच्याखाली तांब्याच्या बारीक पट्ट्यांची लांबच लांब रांग असते. सरकत्या भागाच्या पोटाशीही तशाच पट्ट्या असतात. दोन्ही रांगा एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये अगदी अरुंद फट असते. समोरासमोर आलेल्या दोन पट्ट्यांमध्ये थोडा विद्युतभार साठू शकतो. याला धारकता म्हणतात. जबडा सरकला की कोणती पट्टी कोणत्या पट्टीसमोर किती आली ते बदलतं आणि त्याबरोबर धारकताही बदलते. सर्किट या बदलावरून जागा ओळखतं. म्हणजे हे यंत्र लांबी थेट मोजतच नाही. ते एक विद्युत गुणधर्म मोजतं आणि त्यावरून लांबीचा हिशेब मांडतं.

एवढं कळलं की कॅलिपरचं बरंचसं ‘लहरी’ वागणं उलगडतं. हातावरचा घाम किंवा यंत्रावरचं कूलंट (धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते द्रव) त्या फटीत शिरलं की आकडा भलतीकडे उड्या मारतो, कारण हवेच्या जागी पाणी आलं की धारकता कित्येक पटींनी वाढते. कोरडं पुसलं की तोच कॅलिपर शहाण्यासारखा वागतो. (ओल्या जागी चालणारे कॅलिपर वेगळ्या, चुंबकीय तत्त्वावर बनवतात, म्हणून ते महाग.) बटणाएवढा सेल उतरायला लागला की आकडे लुकलुकतात किंवा गोठतात. आणि जे स्वस्त कॅलिपर फक्त ‘किती पट्ट्या ओलांडल्या’ हे मोजत जातात, त्यांचा जबडा झटक्यानं सरकवला तर त्यांची मोजणी चुकते. पुढची सगळी मापं तेवढ्याच फरकानं चुकीची येतात आणि पडद्यावर तसं काहीच दिसत नाही. अ‍ॅब्सोल्यूट म्हणवणाऱ्या कॅलिपरला प्रत्येक जागेची ओळख असते, त्यामुळे तो असा वाट चुकत नाही.

म्हणून शून्य. जबड्यांमध्ये स्वच्छ कागद हलकाच धरून ओढून काढायचा, म्हणजे कचरा निघतो. मग जबडे मिटून उजेडासमोर धरायचे, फट दिसते का बघायचं, आणि त्यानंतरच शून्याचं बटण दाबायचं. मापं घेऊन झाल्यावर पुन्हा जबडे मिटून बघायचे. शून्यावर परत आला नाही तर मधली सगळी मापं संशयित. ही शेवटची तपासणी दहापैकी नऊ जण करत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची तीच आहे.

जबड्याच्या अगदी टोकाशी जॉब, म्हणजे मोजायची वस्तू, धरून माप घेणं हीसुद्धा एक जुनी खोड. मोजणारी पट्टी एका रेषेत आणि वस्तू तिच्यापासून दूर दुसऱ्या रेषेत असली की जबडा किंचित कलतो आणि चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञानं १८९० साली हे नियमाच्या रूपात मांडलं: जे मोजायचं ते मोजपट्टीच्याच रेषेत हवं. मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून मोजायचं उपकरण) हा नियम पाळतो, कॅलिपर पाळू शकत नाही. म्हणून जॉब शक्य तितका पट्टीजवळ धरायचा. पडदा काट्याचा आहे की अंकांचा, याचा इथे काडीचा संबंध नाही.

आणि तापमान. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात, तसा आंतरराष्ट्रीय संकेतच आहे. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मशीनवरून नुकताच उतरलेला, दहा अंश जास्त गरम असलेला १०० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब जवळपास ०.०२३ मिलिमीटर फुगलेला असतो. कॅलिपर ते प्रामाणिकपणे दाखवील. यंत्र बरोबर, आकडाही बरोबर, तरी थंड झाल्यावर जॉब टॉलरन्सच्या, म्हणजे चालेल इतक्या फरकाच्या, बाहेर.

टक्के अधिक अंक

व्होल्टेज, रोध वगैरे मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या पुस्तिकेत अचूकतेची ओळ बिचकवणारी असते: ±(०.५% + २ अंक). लोक टक्केवारी वाचतात आणि ‘अंक’ सोडून देतात. खरी गंमत त्या अंकांतच आहे.

आधी ‘साडेतीन अंकी’ म्हणजे काय ते पाहू. तीन घरांत शून्य ते नऊ काहीही येऊ शकतं आणि सगळ्यात डावीकडच्या ‘अर्ध्या’ घरात फक्त शून्य किंवा एक. म्हणून असा मीटर जास्तीत जास्त १९९९ दाखवतो. म्हणजे त्याच्याकडे शून्य धरून २००० पायऱ्या आहेत, आणि याच अर्थानं त्याला २००० काउंटचा मीटर म्हणतात. तुम्ही कोणतीही रेंज लावा, पायऱ्या तेवढ्याच. फक्त पायरीची उंची बदलते. २० व्होल्टच्या रेंजवर एक पायरी ०.०१ व्होल्टची, २०० च्या रेंजवर ०.१ ची, १००० च्या रेंजवर तब्बल एका व्होल्टची.

आता एक १२ व्होल्टची बॅटरी मोजू. २० व्होल्टच्या रेंजवर आकडा आला १२.३४. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ०.०६, दोन अंक म्हणजे शेवटच्या घरातले दोन, म्हणजे ०.०२. एकूण शंका ±०.०८ व्होल्ट. बॅटरी १२.२६ ते १२.४२ च्या मध्ये कुठेतरी. तीच बॅटरी २०० च्या रेंजवर मोजली तर आकडा १२.३. टक्क्यांचा वाटा तोच, ०.०६, पण दोन अंक आता ०.२ झाले. शंका ±०.२६. आणि १००० च्या रेंजवर पडदा नुसताच १२ म्हणतो, शंका ±२ व्होल्टच्या वर. दहा व्होल्टही असतील, चौदाही असतील. मीटर तोच, प्रोब तेच, बॅटरी तीच. चूक फक्त रेंजच्या खटक्याची.

म्हणून नियम असा की आकडा मावेल अशा लहानात लहान रेंजवर मोजायचं. अंदाज नसेल तेव्हा मोठ्या रेंजपासून सुरुवात करून खाली यायचं. हल्लीचे बरेचसे मीटर रेंज स्वतःच निवडतात, पण त्यांची एक वेगळी खोडी आहे. दशांश चिन्ह आणि एकक दोन्ही आपोआप बदलतात. कोपऱ्यातलं ते इवलंसं ‘मिलि’ दिसलं नाही तर ४५० मिलिव्होल्ट हे ४५० व्होल्ट म्हणून वहीत जातात. एकक आधी, आकडा नंतर, ही सवय मी अट्टाहासानं लावून घेतली आहे. पडद्यावर ‘ओएल’ आलं किंवा डावीकडे नुसता एकटा १ उरला तर तो आकडा नाही. माप रेंजच्या बाहेर गेलंय असा त्याचा अर्थ.

मीटर लावल्यानं मोजायची वस्तूच बदलते, हे अनेकांना खरं वाटत नाही. एक एक मेगाओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडून त्यांना १० व्होल्ट दिले तर मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट हवेत. पण बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. मीटर लावताच तो खालच्या रोधाला समांतर जोडला जातो आणि पडदा दाखवतो ४.७६. मीटर खोटं बोलत नाही. त्या क्षणी तिथे खरंच ४.७६ व्होल्ट असतात. मीटर काढला की पुन्हा ५.

याच मोठ्या रोधामुळे दुसरा प्रकार घडतो, तो भुताटकीचा. कुठेही न जोडलेली तार वीज वाहत्या तारेशेजारून गेली असेल तर डिजिटल मीटर तिच्यावर दहा-वीस, कधी कधी शंभरच्या आसपास व्होल्ट दाखवतो. त्यात बळ नसतं. एखादा दिवा जोडला की भूत पळतं. पण दिवा जोडून बघण्याआधी हे भूत की खरी वीज, हे नुसत्या आकड्यावरून ठरवायचं नाही. तार मेलेली आहे याची खात्री करायची तर आधी मीटर वीज असलेल्या ठिकाणी लावून तो चालतोय हे बघायचं, मग ती तार तपासायची, मग पुन्हा वीज असलेल्या ठिकाणी. आणि होल्डचं बटण दाबलेलं नाही ना, तेही पाहायचं. गोठलेलं शून्य आणि ताजं शून्य दिसायला अगदी सारखं असतं.

एसी मोजताना ‘ट्रू आरएमएस’ (लाटेचा आकार कसाही असला तरी तिची खरी परिणामी किंमत दाखवणारा मीटर) या शब्दांचे पैसे का मोजायचे, हा प्रश्नही वारंवार येतो. साधा मीटर लाटेची सरासरी काढतो आणि ती १.११ नं गुणून दाखवतो. हा गुणक फक्त शुद्ध साइन लाटेसाठी खरा. चौकोनी लाट दिली तर तोच मीटर ११ टक्के जास्त दाखवतो, टोकदार लाटेला कमी दाखवतो. इन्व्हर्टर, डिमर आणि वेग बदलणाऱ्या मोटारींच्या ड्राइव्हच्या काळात शुद्ध साइन लाट मिळते कुठे?

मोजलेलं आणि मांडलेलं

यंत्र जितकं ‘हुशार’, तितका पडद्यावरचा आकडा मूळ मापापासून दूर. घरगुती डिजिटल रक्तदाबमापक घ्या. दंडावरचा पट्टा फुगतो, मग हवा हळूहळू सुटते आणि यंत्र पट्ट्यातल्या दाबाची बारीक थरथर टिपतं. थरथर सर्वांत जास्त असते तिथे सरासरी दाब. वरचा आणि खालचा, हे दोन्ही आकडे त्या थरथरीच्या आलेखावरून उत्पादकाच्या स्वतःच्या सूत्रानं काढले जातात. दोन कंपन्यांची यंत्रं एकाच दंडावर थोडे वेगळे आकडे दाखवतात त्यामागचं एक कारण हेच. पट्टा लहान-मोठा झाला किंवा दंड हृदयाच्या पातळीला नसला तर सूत्र बिचारं काय करणार?

थर्मोकपलचंही, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमानमापकाचंही, तसंच. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट तयार होतात, पण ते दोन टोकांच्या तापमानांतल्या फरकाचे. भट्टीतल्या टोकाचं तापमान कळण्यासाठी मीटरला स्वतःच्या जोडणीचं तापमान वेगळं मोजून त्यात मिळवावं लागतं. थंड खोलीतून मीटर आणून लगेच भट्टीशेजारी ठेवला की काही मिनिटं तो चुकतो, कारण त्याची स्वतःची जोडणी अजून स्थिर झालेली नसते. इन्फ्रारेड थर्मामीटर तर पृष्ठभाग किती ‘काळा’ आहे याचा आकडा, बहुधा ०.९५, गृहीत धरून चालतो. चकचकीत स्टीलच्या भांड्यावर तो धरलात तर भांडं चटका देत असतानाही पडदा कोमट म्हणतो. त्यावर काळी टेप चिकटवून टेपचं तापमान वाचायचं, हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा.

वजनकाटा काय मोजतो? वजन मोजतो हे उत्तर बरोबर आहे, आणि अडचणही तिथेच आहे. लोड सेलमधली धातूची पट्टी भारानं किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा रोध बदलतो, आणि काटा त्यावरून किलोग्रॅम सांगतो. पण पट्टी वाकते ती गुरुत्वामुळे, आणि गुरुत्व सगळीकडे सारखं नाही: विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग. फरक अर्ध्या टक्क्याचा. एका टोकाला बसवून दिलेला काटा दुसऱ्या टोकाला नेला तर एक किलोला पाच ग्रॅमपर्यंत फरक दाखवील. म्हणून चांगले काटे जिथे वापरायचे तिथेच, प्रमाण वजन ठेवून बसवतात.

काट्याच्या पडद्यावर आकडा स्थिर झाल्याची एक लहानशी खूण येते. ती येण्याआधीचा आकडा म्हणजे वाहत्या पाण्यातलं प्रतिबिंब. यंत्र आतमध्ये सेकंदाला कित्येक वाचनं घेतं, त्यांची सरासरी काढतं, आणि शून्याच्या अगदी जवळचा चढउतार मुद्दाम शून्यच दाखवतं. चिमूट चिमूट पूड सावकाश टाकली तर काही काटे ती हळुवार वाढ ‘सरकलेलं शून्य’ समजून गिळून टाकतात. पूड टाकताय आणि काटा ढिम्म, असं झालं तर आधी एखादं जड भांडं ठेवून त्यावर टाकून बघा.

आकडा बाहेर पडतो तेव्हा

इथपर्यंत आकडा पडद्यावर होता. आता तो वायरीतून संगणकाकडे निघतो, आणि या प्रवासात तो जितका बदनाम होतो तितका बहुधा कुठेच होत नाही.

कॅलिपरच्या बाजूला एक छोटी खाच असते. अनेक नामांकित यंत्रांत तिच्यातून दर मापाला ५२ बिट बाहेर पडतात, चार चार बिटांचे १३ अंक. पहिले चार अंक नुसती सुरुवातीची खूण. पाचवा चिन्ह सांगतो, अधिक की उणे. मग सहा अंकांचं माप. बारावा अंक दशांश चिन्ह कुठे ते सांगतो आणि तेरावा एकक, मिलिमीटर की इंच. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते, कारण माप, दशांश आणि एकक एकाच गाठोड्यात येतात. ज्यानं घाईत फक्त मधले सहा अंक उचलले, त्याच्याकडे २५.०१ चं २५०१ होतं, उणे माप अधिक होतं, आणि कुणीतरी चुकून इंचाचं बटण दाबलं तर पंचवीसपट घोळ होतो.

वजनकाटे बहुधा सरळ अक्षरांची ओळ पाठवतात. सुरुवातीला दोन अक्षरं, मग चिन्ह, आकडा, एकक. ती दोन अक्षरं ‘एसटी’ असतील तर माप स्थिर, ‘यूएस’ असतील तर अजून हलतंय, ‘ओएल’ असतील तर भार झेपेना. एकदा मला एका ठिकाणचे वजनाचे आकडे तपासायला मिळाले होते. तीच वस्तू, तोच काटा, आणि आकडे मात्र वाटेल तसे पसरलेले. काटा तीनदा तपासून झाला होता. शेवटी कळलं की आकडे गोळा करणाऱ्या प्रोग्रामनं ती दोन अक्षरं ‘कचरा’ म्हणून छाटून टाकली होती आणि वस्तू ठेवताक्षणीचा हलता आकडाही नोंदला जात होता. काटा बिचारा प्रत्येक वेळी ओरडून सांगत होता.

वायरीवर नुसती चित्रविचित्र अक्षरं आली तर घाबरायचं कारण नाही; बहुधा दोन्ही बाजूंचा बिट पाठवण्याचा वेग जुळत नाही एवढंच. दोन्हीकडे ९६०० किंवा जे काय असेल ते एकच लावायचं. जास्त फसवा प्रकार वेगळा: अक्षरं नीट येतात, आकडाही येतो, पण अर्थ भलताच. शीतगृहाचं तापमान नोंदताना मधेच ६५५२.१ अंश आले तर? तिथे सूर्य उगवलेला नाही. यंत्रानं तापमान दहा पट करून १६ बिटांत पाठवलंय. उणे दीड अंश म्हणजे उणे १५. सोळा बिटांत उणे आकडे ६५५३६ मधून वजा करून लिहायची पद्धत आहे, म्हणून तिथे ६५५२१ दिसतो. वाचणाऱ्या प्रोग्रामला ‘यात उणेही येऊ शकतं’ हे सांगितलं की सगळं जागेवर येतं. शून्याच्या वर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते आणि पहिल्या गारठ्यात उघडी पडते.

एककांचं तर विचारूच नका. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका प्रवासी विमानाचा डिजिटल इंधनदर्शक बंद होता, म्हणून टाकीतलं इंधन हातानं मोजलं गेलं. मोजणी लिटरमध्ये ठीक झाली. लिटरचं वजन काढताना मात्र १.७७ नं गुणलं. हा गुणक पौंडांचा, आणि विमानाचा हिशेब किलोग्रॅमचा. किलोसाठी तो ०.८ च्या आसपास हवा होता. २२,३०० किलो हवे होते, मिळाले निम्म्याहून कमी. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर उडताना इंधन संपलं आणि एकापाठोपाठ दोन्ही इंजिनं थांबली. वैमानिकांनी विमान तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि विमानातले सगळे, ६९ जण, वाचले. गुणक कुणाचा हे १.७७ च्या पुढे लिहिलेलं असतं तर?

आता फाइल. यंत्रातून निघालेली मापं बहुधा स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींच्या साध्या फाइलमध्ये साठतात आणि आपण ती स्प्रेडशीटमध्ये उघडतो. उघडताक्षणी काही गोष्टी न विचारता घडतात. २५.१० चं २५.१ होतं, म्हणजे यंत्र शंभराव्या भागापर्यंत बघत होतं ही माहितीच गेली. दशांशाला स्वल्पविराम वापरणाऱ्या देशात बनलेल्या यंत्राचं २५,१० दोन रकान्यांत फुटतं. ३-४ असं काही लिहिलेलं असेल तर त्याची तारीख होते. रिकाम्या जागी कुणीतरी शून्य भरतं आणि सरासरी धपकन खाली येते; माप न मिळणं आणि माप शून्य असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेळेच्या रकान्याकडेही एकदा बघा. नोंदणीयंत्राचं क्वार्ट्झ घड्याळ दर दहा लाख सेकंदांत २० सेकंद सरकत असेल तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, वर्षाला दहा मिनिटं. दोन यंत्रांच्या नोंदी शेजारी लावल्या की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल व्हायला एवढं पुरतं.

किती वेळानं नोंद घ्यायची, हा प्रश्न लोक ‘दर दहा मिनिटांनी’ असं ठोकून देऊन मोकळे होतात. समजा एक हीटर दर अकरा मिनिटांनी एक फेरा पूर्ण करतो आणि आपण दर दहा मिनिटांनी तापमान टिपतो. प्रत्येक नोंद फेऱ्यातल्या थोड्या वेगळ्या जागी पडते. आलेखावर ११० मिनिटांची एक सुंदर, संथ लाट उमटते. ती कुठेही नाही. तिच्यामागचं कारण शोधत बसलात तर आयुष्य जाईल. बदल जितक्या वेगानं होतो त्याच्या किमान दुपटीहून जास्त वेगानं नोंद हवी, आणि व्यवहारात पाच-दहा पट असली तर बरं.

पुष्कळ मापं घेऊन सरासरी काढणं चांगलंच. चार मापांची सरासरी घेतली की विखुरलेपण निम्मं होतं, शंभर घेतली की दहावा हिस्सा. पण शून्यच चुकीचं लावलेल्या कॅलिपरनं हजार मापं घेतली तरी सरासरी तेवढीच चुकीची, फक्त अधिक आत्मविश्वासानं. ते कळायला बाहेरचं प्रमाण लागतं. म्हणून स्लिप गेज. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांनी १८९६ मध्ये कल्पिलेले, नेमक्या मापाचे हे पोलादी ठोकळे आजही कार्यशाळेत अंतिम शब्द मानले जातात. आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे प्रमाणाशी ताडून पाहिल्याचं, प्रमाणपत्र आलं म्हणजे यंत्र ‘दुरुस्त’ झालं असं नव्हे. ते किती चुकतं हे त्यात लिहिलेलं असतं. वाचावं लागतं.

माझ्याकडे एका बंदिस्त खोलीच्या तापमानाची दोन वर्षांची फाइल आहे. सेन्सर डीएस१८बी२० या नावाचा, स्वस्त आणि सगळीकडे दिसणारा. फाइलमध्ये आकडे असे: २३.४३७५, २३.५०००, २३.३७५०. चार दशांश बघून एका मित्राचे डोळे विस्फारले होते. पण हा सेन्सर अंशाचे सोळा भाग करतो, म्हणून प्रत्येक आकडा ०.०६२५ च्या पटीत येतो. त्याची अचूकता आहे ±०.५ अंश. त्या चार दशांशांपैकी पहिलासुद्धा पुरता भरवशाचा नाही. अहवालात मी २३.४ लिहिलं आणि पुढे अर्ध्या अंशाची शंका नोंदवली.

त्याच फाइलमध्ये अधूनमधून, बरोबर ८५.००००, अशा एकेकट्या ओळी होत्या. आलेखावर खिळे ठोकल्यासारख्या. ‘बिघाड’ म्हणून त्या पुसायला मी निघालोच होतो. मग सेन्सरचं माहितीपत्रक उघडलं. वीज मिळाल्याबरोबर या सेन्सरच्या स्मृतीत ८५ अंश हाच आकडा असतो, आणि पहिलं माप पूर्ण व्हायला पाऊण सेकंद लागतो. त्याआधी विचारलं की तो ८५ सांगून मोकळा होतो. म्हणजे खोलीतली वीज केव्हा केव्हा जाऊन परत आली, याची दोन वर्षांची नोंद फुकटात झाली होती. सरासरी काढायच्या प्रतीतून त्या ओळी मी वगळल्या. मूळ फाइलमध्ये त्या अजून तशाच आहेत, शेजारच्या रकान्यात ‘वीज आली’ एवढंच लिहिलेलं.